पंख असलेला दिवा

संध्याकाळ झाली की तुम्ही बटण दाबता आणि दिवा लागतो. त्याच्या उजेडात तुम्ही पुस्तक पाहता. पण दिव्याकडे कधी पाहता का?

इंगो माउरर यांनी पाहिले. त्यांचा जन्म १९३२ साली जर्मनीत झाला. वडील कोळी होते. इंगो आधी छापखान्यातील अक्षरजुळणी शिकले. पुढे एकदा इटलीतील व्हेनिस शहरात पलंगावर पडल्या पडल्या त्यांचे लक्ष छताला टांगलेल्या उघड्या बल्बकडे गेले. तो त्यांना फार सुंदर वाटला. १९६६ साली त्यांनी काचेच्या मोठ्या बल्बच्या आत खरा बल्ब बसवला. या दिव्याचे नावही 'बल्ब'च!

१९९२ साली तर त्यांनी बल्बला हंसाच्या पिसांचे पंख लावले. इटालियन भाषेत 'लूचे' म्हणजे प्रकाश आणि 'उच्चेल्लीनो' म्हणजे लहानसा पक्षी. हे दोन शब्द जोडून दिव्याचे नाव ठेवले 'लुचेल्लीनो'. पाहणाऱ्याला वाटते, हा आता उडणार!

१९९७ साली त्यांनी एक झुंबर केले. त्याच्या मधोमध काचेआड दिवा आहे. भोवती पोलादी तारा पसरल्या आहेत. तारांच्या टोकांना चिमट्यांनी जपानी कागदाच्या ऐंशी चिठ्ठ्या लावल्या आहेत. कागद तापू नये, म्हणून तो दिव्यापासून दूर ठेवला आहे. खेळालाही नियम असतात ना! चिठ्ठ्यांपैकी एकतीस छापील आहेत, बाकीच्या कोऱ्या. त्या कोऱ्या का बरे ठेवल्या? घरातल्या माणसांनी त्यांवर लिहावे म्हणून! निरोप लिहा, चित्र काढा; उर्दूत लिहा, मराठीत लिहा. झुंबर पुरे करण्याचा मान माउरर यांनी घरच्यांना दिला.

२०१९ साली माउरर यांचे निधन झाले. त्यांचे दिवे महाग आहेत. ते प्रत्येकाच्या घरी येणार नाहीत. पण त्यांच्यासारखे पाहायला पैसे लागत नाहीत. घरातली कोणतीही साधी वस्तू घ्या आणि ती आज पहिल्यांदाच दिसली, असे समजून पाहा.

शब्दार्थ
झुंबर – छताला टांगलेला शोभेचा दिवा, फानूस
कोरा – काहीही न लिहिलेला
निरोप – संदेश, पैगाम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माउरर आधी कोणते काम शिकले?
(आ) 'लुचेल्लीनो' हे नाव कोणत्या दोन शब्दांपासून झाले?
२. झुंबरातील काही चिठ्ठ्या कोऱ्या का ठेवल्या आहेत? दोन-तीन वाक्यांत सांगा.
३. तुम्हांला एक कोरी चिठ्ठी मिळाली, तर तिच्यावर काय लिहाल? मराठीत लिहा.