सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका



गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर चालू होत नसल्याच्या तक्रारी आमच्या कानावर येऊ लागतात. पहाटेची थंडी, ट्रॉली भरून तयार, आणि चावी फिरवली तर नुसते 'टक्'. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. उशीर झाला की वजन घटते आणि उताराही. अशा घाईत कोणी नवी बॅटरी आणतो, कोणी सेल्फ खोलून बसतो, तर कोणी सेल्फवर पान्हा टेकवून ठिणगी पाडतो. पहिल्या दोघांचा पैसा जातो, तिसऱ्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणून दोष कसा ओळखावा, ते आज पाहू.

चावी फिरवली की बारीक वायरीतून थोडा करंट सोलेनॉइडला मिळतो. सोलेनॉइड पिनियन पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवतो आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला जोडून देतो. हा करंट शेकडो अँपिअरचा असतो. दिव्यांना मात्र थोडाच करंट पुरतो. तेव्हा 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली' हा समज चुकीचा आहे.

तपासणीपूर्वी गिअर न्यूट्रल करा, पीटीओ बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दोरी ओढून ठेवा. मग सीटवर बसून चावी फिरवा आणि आवाज ऐका.

१) काहीच आवाज नाही : क्लच पूर्ण दाबला आहे का, गिअर न्यूट्रल आहे का, ते आधी बघा. पुष्कळ ट्रॅक्टरना तसा सुरक्षा स्विच असतो. त्यानंतर फ्यूज, चावीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर आणि बॅटरीचे टर्मिनल.

२) टक-टक-टक असा भराभर आवाज : बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल ढिले.

३) एकदाच जोरात 'टक्' : मोटरला पुरेसा करंट मिळत नाही. वायरींचे जोड, अर्थची पट्टी, सोलेनॉइडचे आतले संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजलेले असतील.

४) मोटर घुर्र फिरते, इंजिन हलत नाही : पिनियन किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खराब. इथे बॅटरी बदलून उपयोग नाही.

५) इंजिन जड, सावकाश फिरते : बॅटरी कमजोर, अर्थ खराब, किंवा थंडीने ऑइल घट्ट झालेले.

जवळ मीटर असेल तर काम सोपे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी उतरली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. दुसरी तपासणी अर्थची. मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर धरा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर दोष अर्थच्या मार्गात आहे.

गेल्या हंगामात आमच्याच आवारात एका सभासदाचा ट्रॅक्टर अडला. त्यांनी नवी बॅटरी बसवली, तरी 'टक्' कायम. आम्ही पाहिले तर अर्थच्या पट्टीखाली गंज. पट्टी सोडवली, लोखंड पांढरे होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला आणि सेल्फ लागला. पाव तासाचे काम, पण बॅटरीचा खर्च होऊन गेला होता.

टर्मिनल साफ करताना ऋण वायर आधी काढा आणि शेवटी जोडा. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडे करून जोड आवळा व वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिथे विडी, काडी नको. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणीच घाला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर जळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. खाली उभे राहून पान्हा टेकवला की सुरक्षा स्विचला वळसा पडतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन चावी बंद असतानाही चालू होऊ शकते. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे निघतो. पान्हा धरणारा माणूस त्या वेळी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध उभा असतो. त्याला मागे सरायला वेळच मिळत नाही. 'आम्ही नेहमी असेच करतो' म्हणणाऱ्यालाही एक दिवस गिअर बघायचा राहून जातो. ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा, हा नियम घरात आणि ड्रायव्हरला पक्का सांगून ठेवा.

आणि एक विनंती. हे पान वाचून घडी करून ठेवू नका. ज्याच्या हातात चावी असते, त्याला वाचून दाखवा.