पाटे, भार आणि वाट

प्रस्तावना

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा जिल्हा भातशेतीसाठीही प्रसिद्ध आहे. सांबा हंगामातील भाताची कापणी साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत होते. भाताची पोती सरकारी खरेदी केंद्रावर नेताना बांधावरच्या आणि कालव्याकाठच्या कच्च्या वाटा तुडवाव्या लागतात. या कामासाठी पिकअप, म्हणजेच लहान मालवाहू गाडी, वापरतात. तिच्या पाट्यांत कोणती सुधारणा करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

पाटे आणि शॉकअब्सॉर्बर

पिकअपच्या मागच्या आसाला बहुधा पोलादी पट्ट्यांचा जुडगा जोडलेला असतो. त्यालाच चालक ‘पाटे’ म्हणतात. भार जितका वाढेल तितका पाटा दबतो. हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडला. दबलेला पाटा उसळतो आणि वरखाली होत राहतो. ही उसळी शॉकअब्सॉर्बर आवरतो. त्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि धक्क्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. त्यामुळे खडबडीत वाटेवर तो तापतो; तो झिजलेला असेल तर गाडी हेलकावे खाते.

निवड कशी करावी?

गाडी मागून दबू लागली की एक पाटा वाढवण्याचा मोह होतो. त्याने दबणे कमी होते, परंतु आस, ब्रेक, टायर आणि सांगाडा पूर्वीचेच राहतात. म्हणजेच गाडीची भारक्षमता वाढत नाही. शिवाय परतीच्या वाटेवर रिकामी गाडी उसळते, चाके जमीन सोडतात आणि पकड सुटते. बांधाला तळ लागू नये म्हणून गाडीची उंची वाढवली, तर गुरुत्वमध्य वर जातो आणि कालव्याच्या उतरत्या काठावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

म्हणून आधी तुटलेला पाटा, झिजलेले बुश आणि तेल गळणारा शॉकअब्सॉर्बर बदलावा. तेवढ्याने भागले नाही तर अधिक दमदार शॉकअब्सॉर्बर बसवावा. त्यानंतरच मदतनीस पाट्याचा विचार करावा. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच तो काम करू लागतो. त्यामुळे रिकामी गाडी मऊच चालते.

कायद्याची मर्यादा

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मनाई करतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या खेपेचा खर्च याहून कमी असतो आणि चालकाचा जीवही सुरक्षित राहतो.

स्वाध्याय

१. पाटा वाढवल्याने भारक्षमता का वाढत नाही?
२. मदतनीस पाट्याचा फायदा सांगा.
३. ‘एक जड खेप की दोन हलक्या खेपा?’ यावर आपले मत पाच वाक्यांत लिहा.