गाडी वाडीत, तंबू गाडीजवळ

प्रश्न : डिसेंबरात शनिवारी कोल्हापूरहून पावसला येऊन किनाऱ्यावरच गाडीशेजारी तंबू ठोकता येईल का?

उत्तर : गाडी पुळणीवर मुळीच उतरवू नये. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट भासते. चाक एकदा फिरले की गाडी बुडापर्यंत रुतते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

भरतीचा अंदाज कोकणातले जुने लोक तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते : दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी तीच, रात्रीही जवळपास तीच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी नेहमीच्या रेषेपुढे चढते.

पावसजवळ गणेशगुळ्याचा किनारा आहे. मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पूर्णगडापलीकडे गावखडी. तिथे सुरूचे बन आहे. पण हिवाळ्यात गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पुळणीवर शेकोटी, हेडलाइट, स्पीकर नकोच. उजेडाने कासवीण अंडी न घालताच परतते, पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात.

त्यापेक्षा गावात विचारून एखाद्याच्या वाडीत मुक्काम करावा. तंबू मात्र माडाखाली लावू नये. नारळ पडण्याआधी हाक मारत नाही!