हनुवटीवर पडलेले मूल आणि वाकडा होणारा जबडा

मूल पायरीवरून हनुवटीवर पडते. टाके पडतात, जखम आठवड्याभरात भरते, घरचे विसरतात. पण मार हनुवटीवर बसला तरी हाड कानाजवळ मोडू शकते. खालच्या जबड्याचे दोन सांधे कानांच्या पुढे असतात. एक सांधा आखडला तर त्या बाजूची वाढ खुंटते, दुसरी बाजू वाढत राहते आणि हनुवटी आखडलेल्या बाजूला सरकते.

इथे फसगत होते. आजारी बाजूचा गाल भरलेला दिसतो, चांगला गाल चपटा. घरचे चांगल्या गालालाच लेप लावत बसतात.

घरी काय पाहाल?
मुलाची स्वतःची तीन बोटे, उभी एकावर एक, पुढच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. बसत नसतील, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल किंवा दात नीट मिळत नसतील, तर जबड्याचा एक्स-रे करून घ्या.

ऑपरेशन कधी?
सांधा आखडून तोंड उघडत नसेल तर वय वाढण्याची वाट पाहू नका. ऑपरेशननंतर अनेक महिने तोंड उघडण्याचा व्यायाम हवाच; दुखते म्हणून सोडला तर सांधा पुन्हा आखडतो.

तोंड उघडते पण जबडा वाकडा असेल, तर सहसा वाढ थांबेपर्यंत थांबतात: मुलींत साधारण 16, मुलांत 18 वर्षे. काहींचे एका बाजूचे हाड विशीतही वाढते. ते हाडांच्या स्कॅनमध्ये कळते.

आधी वर्षभर किंवा जास्त दातांना तारा लावतात. मग तोंडाच्या आतून जबडा कापून सरळ बसवतात, टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूने जोडतात. काही आठवडे पेज, वरण, मऊ भात. खालचा ओठ काही महिने, काहींत कायमचा बधिर राहू शकतो. सही करण्याआधी डॉक्टरांना हे विचारा.

कुठे जाल?
नाशिकचे सिव्हिल हॉस्पिटल किंवा पंचवटीतले के.बी.एच. दंत महाविद्यालय, मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत रुग्णालय. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की त्यांना मूल दाखवा. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रेशन कार्ड आणि आधार दाखवून आरोग्यमित्राला आधीच विचारा.

हे ऑपरेशन मुलीच्या लग्नापुरते नाही. नीट चावता, बोलता आणि झोपेत श्वास घेता यावा यासाठी आहे. कोणी मागच्या जन्माचे फळ म्हणाले, तर त्यांना एक्स-रे दाखवा.