आजीचे माहेर आणि चर्चमधील नोंदवह्या

नोव्हेंबर महिना आला की आपण दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो आणि मृतांसाठी मिस्साचे हेतू देतो. हेतूच्या चिठ्ठीवर नावे लिहिताना आजोबा, फार तर पणजोबांपर्यंत हात चालतो. पणजीचे नाव मात्र बहुतेकांना आठवतच नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी तसेच झाले. बाबांचे वय 84. ते तीन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आजोबांनी दुसरे लग्न केले आणि पहिल्या आजीचा विषय घरात निघेनासा झाला. तिचे माहेर कोणते, हेही बाबांना ठाऊक नव्हते. "एकदा तिच्या गावच्या चर्चमध्ये जाऊन यावे," एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून आम्ही भावंडे शोधाला लागलो.

सुरुवातीला आम्ही आडनावामागे धावलो, ते चुकलेच. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत श्रद्धा स्वीकारलेल्या आपल्या पूर्वजांना पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळाले. त्यामुळे एका आळीतले दोन लोपीस एका रक्ताचे असतीलच असे नाही. त्यापेक्षा घराला पडलेले टोपणनाव अधिक कामाचे. ते म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि आजच विचारावे. आमची थोरली आत्या आम्ही पोहोचण्याआधी दोन महिने देवाघरी गेली.

तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारांतही वारसांची नावे असतात. लग्न होऊन गेलेल्या दोन आत्यांची नावे आम्हांला तिथेच सापडली. पण आजी काही तिथे नव्हती.

मग आम्ही चर्चच्या कार्यालयात अर्ज दिला. नोंदवह्या ठेवण्याची ही रीत जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम केला आणि 1614 च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण व मृत्यू यांच्याही वह्या सांगितल्या. आमच्या उपयोगी पडला तो 1908 पासून लागू झालेला एक नियम. ज्याचे लग्न होईल, त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात त्या लग्नाची नोंद करायची, मग ते लग्न दुसऱ्या धर्मग्रामात का झालेले असेना. हा नियम आजही पाळला जातो.

आजोबांच्या स्नानसंस्काराच्या ओळीशेजारी, बारीक अक्षरात, लग्नाची तारीख आणि खाडीपलीकडच्या एका चर्चचे नाव होते. तेथील विवाहाच्या वहीत आजीचे नाव, तिच्या वडिलांचे आणि आईचेही नाव मिळाले. म्हणजे आमची पणजीसुद्धा सापडली!

शोधू इच्छिणाऱ्यांना थोडे सांगतो. अर्जात अंदाजे वर्ष आणि आईवडिलांची नावे लिहावीत, नुसते 'मारिया' लिहून काही होणार नाही. कार्यालयाला वेळ द्यावा, रविवारच्या मिस्सानंतर गर्दीत विचारू नये. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात. तिथे '7बर' असे दिसले तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आम्ही त्यापायी एक अख्खा दिवस वाया घालवला.

मत्तयच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ वाचली जाते, तेव्हा आपल्यापैकी किती जण चुळबुळ करतात ते आम्ही पाहतो, आम्हीही करायचो. बापांच्या त्या लांबलचक यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको यांना जागा दिलेली आहे. चौथीचे तर नावही नाही, पण तिला वगळलेले नाही.

एक गोष्ट न शोधताच हाती आली. आपल्या चर्चच्या मृत्यूच्या वहीत आजीच्या आधी काही वर्षे एका बाळाची नोंद होती. वय सात महिने. नाव बाबांचेच. आईवडीलही तेच. बाबांना मोठा भाऊ होता आणि त्याचे नाव बाबांना दिले होते, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खाडीपलीकडच्या त्या चर्चमध्ये आम्ही त्यांना घेऊन गेलो. या नोव्हेंबरात हेतूची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. आईचे नाव, आजीचे नाव आणि त्याखाली स्वतःचेच नाव. चिठ्ठी घेणाऱ्या मुलीला वाटले, आजोबांची काहीतरी चूक झाली.