नाशिकला राहायला जायचे का? हिशेब भाड्याचा नको, शिलकीचा मांडा

लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली, दोघेही कमावणारी, ठाण्यात किंवा डोंबिवलीत वन बीएचके भाड्याने घेऊन राहणारी असंख्य जोडपी सध्या एकाच प्रश्नाशी झगडत आहेत. दर ११ महिन्यांनी भाडे वाढते, लोकलमध्ये रोजचे दोन-तीन तास जातात आणि स्वतःच्या घराची किंमत दरवर्षी हाताबाहेर सरकते. अशा वेळी कुणीतरी म्हणते, ‘नाशिकला या की! एवढ्याच भाड्यात टू बीएचके मिळेल, वर पैसे उरतील.’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि अनेकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण सामान ट्रकमध्ये चढवण्याआधी दोघांनी एक संध्याकाळ वही घेऊन बसावे. काय मांडायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणता आकडा शेवटी निर्णायक धरायचा, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

स्वस्त काय होते, काय होत नाही

शहर बदलल्यावर प्रत्येक खर्च कमी होत नाही. जागा आणि माणसाचे श्रम यांच्याशी बांधलेले खर्च कमी होतात: घरभाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार, डबा, पाळणाघर, पार्लर, सुतार-प्लंबर. नाशिकच्या आसपास भाजीपाला, द्राक्षे, कांदा पिकतो, त्यामुळे मंडईत गेलात तर भाजीतही फरक जाणवतो.

मोबाइलचे रिचार्ज, छापील किमतीचा किराणा, औषधे, ऑनलाइन खरेदी, विम्याचे हप्ते, कर्जाचे हप्ते आणि एसआयपी मात्र जिथल्या तिथे राहतात. पेट्रोलच्या दरातही नाव घेण्याजोगा फरक नसतो. व्यवसाय कर राज्याचा असल्याने तोही तसाच राहतो. म्हणजे तुमच्या महिन्याच्या खर्चात भाड्याचा वाटा जितका मोठा, तितका स्थलांतराचा फायदा मोठा. आई-वडिलांच्या घरात बिनभाड्याने राहणाऱ्या जोडप्याला केवळ खर्चाच्या कारणासाठी शहर सोडण्यात फारसे काही मिळत नाही.

एक खर्च तर वाढतो. ठाण्यात लोकल आणि शेअर रिक्षावर भागते. नाशिकमध्ये महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून सुरू आहे, तिचा मार्ग तुमच्या घराजवळून आणि ऑफिसजवळून जातो का ते आधी पाहा. जात नसेल, तर दोघांना दोन वेगळ्या दुचाकी लागतील, असे धरूनच चला.

महिन्याचा नमुना हिशेब

खालचे आकडे केवळ मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक ओळीत तुमचा स्वतःचा आकडा भरा. समजा, दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१०,००० रुपये आहे: त्याचा ६२,००० आणि तिचा ४८,०००.

- घरभाडे: ठाणे, वन बीएचके २८,००० / नाशिक, टू बीएचके १६,०००
- वीज, गॅस, इंटरनेट: ४,००० / ४,०००
- किराणा, भाजी, दूध: १३,००० / ११,५००
- प्रवास: लोकल-रिक्षा ६,००० / पेट्रोल-दुरुस्ती ४,५००
- दुसऱ्या स्कूटरचा हप्ता: ० / ३,५००
- कामवाल्या मावशी: ३,५०० / २,५००
- बाहेरचे खाणे, करमणूक: ८,००० / ७,०००
- औषधपाणी, विमा: ४,००० / ४,०००
- गावी पाठवायचे पैसे: ५,००० / ५,०००
- कामासाठी, नातेवाइकांसाठी मुंबईच्या फेऱ्या: ० / ५,०००

बेरीज: ठाणे ७१,५०० आणि नाशिक ६३,०००. भाड्यात १२,००० रुपये वाचले, पण महिन्याअखेरीस फरक राहिला ८,५०० रुपयांचा. स्कूटरचा हप्ता आणि मुंबईच्या फेऱ्या या दोन ओळी बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि वर्षभराने ‘पैसे उरायचे होते, गेले कुठे?’ असे विचारत बसतात.

आता पगाराची बाजू. ठाण्यात या जोडप्याची शिलक ३८,५०० आहे. नाशिकला दोघांचेही पगार तेच राहिले, तर ती ४७,००० होते. तिला तिथे ३४,००० ची नोकरी मिळाली, तर शिलक ३३,००० वर येते. म्हणजे मोठे घर मिळाले, दगदग कमी झाली, पण महिन्याला ५,५०० रुपये कमी साठू लागले. आणि तिला काही महिने नोकरीच मिळाली नाही, तर ६२,००० च्या पगारात ६३,००० चा खर्च भागवावा लागतो.

या हिशेबातला निर्णायक आकडा आहे ८,५००. दोघांच्या एकत्रित पगारात होणारी घट यापेक्षा कमी असेल, तर स्थलांतर पैशाच्या दृष्टीने फायद्याचे. जास्त असेल, तर तोट्याचे. तुमचा स्वतःचा असा आकडा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दोघांची नोकरी, दोघांचा विचार

आपल्याकडे अजूनही एकाची नोकरी ‘मुख्य’ धरली जाते आणि दुसरीची, बहुधा बायकोची, ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिली जाते. वरचा हिशेब सांगतो की, बारा हजारांचे भाडे वाचवण्यासाठी अट्ठेचाळीस हजारांची नोकरी सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तिच्या कामातल्या खंडाची किंमत पुढच्या प्रत्येक पगारवाढीतून वसूल होत राहते, ती वेगळीच.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, औषध आणि वाहनभागांचे उद्योग, रुग्णालये आणि महाविद्यालये हे नाशिकचे बलस्थान आहे. बँकिंग, जाहिरात, माध्यमे, मोठ्या वित्तसंस्थांची मुख्यालये यांत करिअर असणाऱ्यांना तिथे पर्याय थोडे आहेत. तुमचे क्षेत्र कोणत्या गटात येते, ते प्रामाणिकपणे तपासा.

घरून काम चालत असेल तर कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: नाशिकहून काम करण्याची परवानगी, पगारात कपात होणार नसल्याची खात्री आणि महिन्यातून किती दिवस ऑफिसला यावे लागेल तो आकडा. महिन्यातून चार दिवस हजेरी असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने भागते. तीच हजेरी आठवड्यातून तीन दिवसांवर आली, तर साडेतीन-पावणेचार तासांचा एका बाजूचा प्रवास शरीराला आणि संसाराला झेपत नाही.

नोकरी बदलण्याआधी आणखी तीन तारखा पाहा.

पहिली, ग्रॅच्युइटीची. कायम नोकरीत सलग ५ वर्षे पूर्ण होण्यास थोडेच महिने उरले असतील, तर राजीनामा पुढे ढकला.

दुसरी, बाळाच्या विचाराची. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. मात्र अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. नोकरी सोडून नाशिकला गेलात आणि वर्षभरात बाळाची चाहूल लागली, तर हा हक्क हातून निसटू शकतो.

तिसरी, आरोग्यविम्याची. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो आणि वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांना व प्रसूतीला प्रतीक्षा कालावधी असतो. राजीनाम्याआधीच स्वतःची पॉलिसी घ्या. काही कंपन्या शहरांच्या गटानुसार हप्ता ठरवतात. नाशिकच्या पत्त्यावर हप्ता कमी बसला, तरी मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा काही भाग तुमच्यावर येतो का, ते कागदावर वाचा.

एकदाच होणारा खर्च

- सामान हलवणे: २२,०००
- दलालीचे एक महिन्याचे भाडे: १६,०००
- करार, नोंदणी, एजंट: ३,०००
- दोन्ही घरांचे भाडे एकाच महिन्यात: १६,०००
- पडदे, गिझर, नळजोड, किरकोळ: ८,०००

हे झाले ६५,०००. महिन्याला ८,५०० वाचत असतील, तर हा खर्च भरून यायला सुमारे ८ महिने लागतात. त्याआधी परत फिरलात तर पैसे गेले, शिवाय परतीचा खर्च वेगळा. याशिवाय तीन महिन्यांचे डिपॉझिट ४८,००० लागेल. ते परत मिळणारे आहे, पण द्यायचे असते आधी, आणि ठाण्याचे डिपॉझिट हातात येते घर रिकामे केल्यावर. म्हणून निघताना १,१३,००० रुपये रोख उपलब्ध हवेत, आणि किमान सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी त्याला न शिवता बाजूला हवी.

सामान हलवणाऱ्यांकडून तीन ठिकाणचे दर घ्या, तेही घरी येऊन सामान पाहिल्यावर. वस्तूंची यादी, एकूण रक्कम आणि वाटेतल्या नुकसानीचा विमा लेखी घ्या. फोनवर फारच कमी दर सांगणाऱ्यापासून सावध राहा. सामान गाडीत चढल्यावर जादा पैसे मागण्याचे प्रकार घडतात. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते.

भाडेकरार करताना

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क करारकाळातले एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. वरच्या उदाहरणात ते साडेचारशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. कुणी याहून बरीच मोठी रक्कम सांगितली, तर त्यात सरकारी किती आणि एजंटची किती, हे वेगळे लिहून मागा.

करारात हे मुद्दे असू द्या: किमान किती महिने राहणे बंधनकारक, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे कापणार का, डिपॉझिट कधी परत मिळणार. सोसायटी भाड्याने दिलेल्या घरावर जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ते घरमालकच भरेल, असे करारात नमूद करून घ्या.

घर कुठे घ्यावे? मुंबईला वारंवार जावे लागणार असेल, तर नाशिकरोड किंवा जेलरोड, कारण रेल्वे स्थानक तिथे आहे. महामार्गाने जाणाऱ्यांना इंदिरानगर, पाथर्डी फाटा सोयीचे. गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसर हवेशीर, पण भाडे चढे आणि स्थानक बरेच लांब. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे कसाऱ्याचा घाट टाळता येतो, मात्र टोल आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी हिशेबात धरा. आणखी एक, सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. तुमचा करार त्या सुमारास संपत असेल, तर नूतनीकरणाचे भाडे आजच लिहून घ्या.

कागदपत्रे

राज्यातल्या राज्यात जाण्याचा मोठा फायदा इथे दिसतो. गाडीची पुन्हा नोंदणी लागत नाही, फक्त पत्ताबदल ३० दिवसांत आरटीओला कळवायचा. हेच जोडपे इंदूरला किंवा हैदराबादला गेले, तर १२ महिन्यांनंतर गाडीची नव्याने नोंदणी आणि तिथला रस्ता कर आलाच. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, ते दाखवून नवी जोडणी मिळते. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरा. आधार, बँक आणि विमा यांचे पत्ते नोंदणीकृत करार दाखवून बदला. पीएफ काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर वर्ग करा.

घर विकत घेण्याची घाई नको

‘ठाण्यात वन बीएचकेच्या पैशांत इथे टू बीएचके’ ही जाहिरात खरी असली, तरी पहिले वर्ष भाड्यानेच राहा. शहर, शेजार, पाणी, कामाची जागा सगळे अंगवळणी पडू द्या. त्यानंतर घेताना महारेरा क्रमांक तपासा. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये आहे. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

निर्णय

जाण्याआधी दोन आठवडे रजा किंवा घरून काम घेऊन तिथे राहून पाहा, शक्यतो आठवड्याच्या कामाच्या दिवसांत. मग तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. दोघांचेही काम टिकते का? दरमहा शिलक वाढते का, निदान तेवढीच राहते का? वर्षभरात परतावे लागले तर ते झेपेल का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर बिनधास्त जा. वाचलेले रोजचे दोन तास हीसुद्धा कमाईच आहे आणि संसाराच्या सुरुवातीच्या वर्षांत ती फार मोलाची आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर थांबा, आधी नोकरी शोधा आणि मग घर. घराची निवड एकाने करून दुसऱ्याला कळवू नका. वही उघडा, दोघेही आपापले आकडे आपल्या हाताने लिहा आणि मगच घरमालकाला होकार द्या.