पोटाला पडलेली खिडकी



गिळलेल्या घासाचे पुढे काय होते, हे जिवंत माणसाच्या पोटात डोकावून पाहण्याची संधी एका अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण नावाड्याला चुकून अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यांनी त्याला वाचवले, पण पोटाचे भोक काही बुजले नाही. डॉक्टरांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे तुकडे बांधून त्यातून आत सोडले आणि काही वेळाने ओढून पाहिले. पोटातला रस बाटलीत काढून उबेला ठेवला, तर त्यातही मांस विरघळले! म्हणजे माणसाचे पोट आंबट रसाने अन्न पचवते. हे प्रयोग १८३३ साली पुस्तकरूपाने आले. अलेक्सिस पुढे १८८० पर्यंत जगला.

आता आपल्या गोठ्यात या. शास्त्रज्ञांनी पुढे गाईच्या डाव्या भकाळीत मुद्दाम खिडकी करून रबरी बूच बसवले. आत बघतात तो वेगळाच कारखाना! गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिले कोठीपोट, त्यात शंभर लिटरच्या घरात माल मावतो. तिथे आंबट रस पाझरत नाही. असंख्य सूक्ष्म जंतू वाढे, कडबा आंबवतात आणि त्यातून गाईला ताकद मिळते. या आंबण्यात आम्लही होते. रवंथ करताना गिळलेल्या लाळेतला सोडा ते आटोक्यात ठेवतो.

गोम इथेच आहे. लग्नातला उरलेला भात, पोळ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून आपण पाटीभर बैलापुढे ओततो. हे अन्न झपाट्याने आंबते, आम्ल बेसुमार वाढते आणि कामाचे जंतूच मरतात. जनावर रवंथ सोडते, पातळ हगते, मान टाकून बसते. एक-दोन दिवसांत दगावूही शकते.

म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा. पट्टा पडल्यावर वाढ्यांवरचे बैल कडब्यावर आणताना, किंवा गाईचा खुराक वाढवताना, दहा-पंधरा दिवस घ्या. नव्या चाऱ्याचे जंतू वाढायला तेवढा वेळ लागतोच. धान्याचे पोते, उरलेले अन्न जनावराच्या तोंडापासून लांब ठेवा. आणि खाल्लेच, तर रवंथ थांबण्याची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. गाईच्या पोटाला खिडकी नसते. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.